जळगावात तळघरात जॅझ: जागा आहे, वाजवणारे कुठून आणू?

पेढीवरचा नातू

नमस्कार. प्रश्न लांब आहे, चहा घेऊन बसा.

दाणा बाजाराच्या मागे आमच्या आजोबांची कापसाची अडत होती. पेढी बंद होऊन वीस वर्षं झाली. वर आता काका एलईडीचे बल्ब विकतात. खाली तळघर आहे, तिथे जुन्या चोपड्या, दोन मोडके तराजू आणि कापसाच्या नमुन्यांच्या पुड्या पडून होत्या. यंदा उन्हाळ्यात मी ते रिकामं केलं. आतून ३८ फूट लांब, १७ फूट रुंद, साडेआठ फूट उंच. उतरायला एकच दगडी जिना, बारा पायऱ्या. त्यातली सातवी बाकीच्यांपेक्षा दोन इंच उंच आहे. घरातला प्रत्येकजण तिच्यावर एकदा तरी पडलाय.

तिथे मला जॅझ करायचंय. हॉटेलात जेवताना मागे वाजतं ते नव्हे. काय वाजवायचं हे वाजवणाऱ्यांनाही आधी माहीत नसतं, ते जॅझ. आपल्या आलापाला निदान रागाचा धरबंध असतो, इथे तोही नाही.

ही खाज कुठून लागली ते सांगतो. २०१८ ला कंपनीनं दहा महिने लंडनला धाडलं होतं. एका शनिवारी पाऊस चुकवायला म्हणून डॉल्स्टनमधल्या कॅफे ओटोत शिरलो. २००८ पासून ती जागा असल्याच संगीतासाठी चालते, हे नंतर कळलं. साध्या खुर्च्या, उंच स्टेज नाही, वाजवणारे दोघं माझ्यापासून चार हातांवर. एकाकडे सॅक्सोफोन, दुसऱ्याकडे ड्रम. पहिली दहा मिनिटं ड्रमवाला झांजेच्या कडेवर व्हायोलिनचा गज घासत होता आणि सॅक्सोफोनवाला सूर न काढता वाद्यात नुसता श्वास सोडत होता. मनात म्हटलं, पैसे गेले पाण्यात. मग मागे कुणाची तरी खुर्ची करकरली. ड्रमवाल्यानं तो करकराट जसाच्या तसा झांजेतून परत केला, सॅक्सोफोनवाल्यानं त्याला उत्तर दिलं, आणि पुढची वीस मिनिटं त्या दोघांनी त्या एका करकराटाचं काय काय केलं ते मला आजही सांगता येत नाही. पाऊस थांबलेला मला कळला नाही.

तर प्रश्न. सगळ्यात मोठा: जळगाव-भुसावळ-धुळ्यात हे वाजवणारे मिळतील का? गिटार क्लासची पोरं भेटली, ती विचारतात 'सर, कोणतं गाणं?' दुसरं, शेजारी लोक झोपेतून उठतील का? सावद्याच्या मामांनी केळी पिकवायचं रायपनिंग चेंबर मोडलंय, त्याचे पफचे (फोमचे) पॅनेल फुकट देतायत. ते भिंतींना लावले तर आवाज अडेल ना? आणि एक विचित्र गोष्ट: खाली मी सहज घसा खाकरला, हं... करून खालचा सूर लावला, तर एका ठिकाणी अख्खी खोली घुमली. वरखाली केलं की घुमत नाही. हे काय आहे?

एरंडोलकर

भो, तळघरात भरीत पार्टी ठेव. कळण्याची भाकरी, मिरचीचा ठेचा. तिसऱ्या घासाला जो तो आपापला सूर लावतो. तेच जॅझ.

(चेष्टा केली. जागा झाली की कळव, मी येईन. काही कळणार नाही, पण येईन.)

साऊंडवाला धुळे

पफ पॅनेल लावू नका. ते गारवा धरायला असतात, आवाज अडवायला नाहीत. आवाज अडतो वजनानं. पफ हाताला थर्माकोलसारखा हलका, त्यातून ढोल आरपार जाईल. शिवाय आग लागली तर त्याचा धूर आधी माणूस मारतो, मग आग पोचते. मामांना सांगा, भंगारात द्या.

तळघराला तीन बाजूंनी माती आहे, म्हणजे तुमचं निम्मं काम आजोबांनीच करून ठेवलंय. आवाज वर जाणार तो जिन्यातून आणि छतातून. जिन्याच्या तोंडाला जाड भरीव लाकडाचं दार, चारी कडांना रबर. दाराखाली बोटभर फट राहिली तर बाकीचा खर्च वाया. ट्रॅक्टरच्या केबिनच्या दाराला जी रबरी पट्टी येते ती चालते, मी वापरली आहे.

कायद्याचं: रात्री १० ते सकाळी ६ हे रात्र. व्यापारी भागात दिवसा ६५ डेसिबल, रात्री ५५. रहिवासी भागात ५५ आणि ४५. तुमच्या गल्लीत खाली दुकानं आणि वर घरं असतील, तर ४५ धरून चाला, भांडण होत नाही. आणि एवढ्याशा खोलीत माईक-स्पीकर मुळीच नको. मी साऊंडवाला आहे, माझं पोट त्यावर आहे, तरी सांगतो.

आता ते घुमणं. तुमची उंची साडेआठ आणि रुंदी १७, बरोबर दुप्पट. हीच गोची आहे. साडेआठ फुटांत जो सूर उभा राहतो तो साधारण ६६ हर्ट्झचा, आणि १७ फुटांत जे सूर उभे राहतात त्यांतला दुसरा नेमका तोच. दोघं एकमेकांच्या डोक्यावर बसतात. युफोनियम (बँडमधला जाड आवाजाचा भोंगा) किंवा ढोल आला की तिथेच गडगडाट होईल. खोली पाडून तिरकी बांधता येत नाही. (न्यू यॉर्कचं व्हिलेज व्हॅनगार्ड १९३५ पासून तळघरातच आहे, १२३ माणसं बसतात, आणि ती खोली पाचरीसारखी निमुळती आहे. समोरासमोर भिंती नाहीत, म्हणून तिथलं रेकॉर्डिंग इतकं छान.) तुम्ही एवढंच करा: ढोल भिंतीला लावू नका, मधोमधही ठेवू नका. लांब भिंतीपासून सव्वाचार फुटांवर ठेवा, म्हणजे रुंदीच्या पावपट. बराच शांत होईल.

बाकी टाळी वाजवून पाहा. टर्रर्र असा आवाज आला तर भिंतींना मऊ काहीतरी हवं. कापसाच्या गाद्या टांगायचा विचार तुमच्या डोक्यात आला असेलच, कापूसवाल्यांचं घर आहे. एकच जिना असलेल्या तळघरात कापूस नको. रॉकवूल (दगडाच्या तंतूंची लोकर) घ्या, चार इंची, ते जळत नाही. एमआयडीसीत बॉयलरला गुंडाळणाऱ्यांकडे मिळतं. वर काचेचं कापड.

लाईट गेली तर इन्व्हर्टर. जनरेटर खाली उतरवायचा नाही. त्याच्या धुरातला विषारी वायू (कार्बन मोनॉक्साईड) दिसत नाही आणि वासही येत नाही.

पेढीवरचा नातू

साऊंडवाले दादा, काल टेप घेऊन सव्वाचार फुटांवर खडूची रेघ मारली आणि मित्राचा ढोलक तिथे ठेवून वाजवला. फरक लहान पोरालाही कळेल. गाद्यांचं मात्र तुम्ही ओळखलंत. पिंजाऱ्याला आगाऊ पैसे देऊन बसलो होतो, परत घेतले.

वाजवणाऱ्यांचं कुणी बोलेना.

क्लॅरनेट मास्तर

मी वाचतो, लिहीत नाही. नातीनं फोनवर मराठी अक्षरं लावून दिली म्हणून लिहितो. चुकलं तर समजून घ्या.

चव्वेचाळीस वर्षं बँडमध्ये क्लॅरनेट वाजवलं. चोपडा, यावल, रावेर, कधी सेंधव्यापर्यंत. बेटा, तू विचारतोस इकडे कोण वाजवेल. इकडे प्रत्येक तालुक्यात दहा-पाच बँड आहेत. त्यांच्यात क्लॅरनेट आहे, सॅक्सो आहे, ट्रंपेट आहे. लंडनहून आणायची गरज नाही.

एक किस्सा. रावेरकडे लग्न, मे महिना, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) पुढची तिथ. नवरदेव मारुतीच्या पारावरून मांडवाकडे निघाला आणि मध्येच जनरेटरची गाडी बंद. माईक गेला, कॅसिओ गेला, गाणारा मुका झाला. उरलो आम्ही: दोन क्लॅरनेट, एक सॅक्सो, युफोनियम, साईड ड्रम आणि ढोल. गाणं अंतऱ्यात तुटलेलं. पण पुढे पोरं नाचतायत, थांबलं तर मार खाऊ. ढोलवाल्यानं शेवटच्या चार मात्रा धरल्या त्या सोडल्याच नाहीत. त्याच्यावर मी काहीतरी फिरवलं. सॅक्सोवाल्यानं माझं शेपूट पकडून उलटं वाजवलं. मग मला राग आला, मी त्याचं उलटं केलं. अर्धा तास. कोणतं गाणं होतं ते विचारू नको, गाणं नव्हतंच. घामानं बोटं भोकांवरून घसरत होती. उन्हात क्लॅरनेट चढतो, हे लोकांना ठाऊक नसतं. कॅसिओ आपल्या जागी आणि आम्ही वर, म्हणून मे महिन्यात बँड बेसूर लागतो. त्या दिवशी कॅसिओ नव्हता, तर आम्ही सगळे एकसारखे चढलो होतो. आयुष्यात इतके सुरात कधी वाजवलं नाही.

हिशेबाच्या वेळी वधूपित्यानं पाचशे रुपये कापले. म्हणाला, गाणी कमी झाली.

आणि जॅझ इकडे नवं नाही. आमचे उस्ताद भुसावळला रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाताळच्या नाचाला वाजवायचे, अँग्लो-इंडियन साहेब लोकांपुढे. ते सांगायचे, चिक चॉकलेट म्हणून गोव्याचा ट्रंपेटवाला होता, खरं नाव वाझ. रात्री मुंबईत ताजमध्ये जॅझ वाजवायचा आणि दिवसा सी. रामचंद्र अण्णांच्या रेकॉर्डिंगला. म्हणजे त्या गाण्यांत जी ट्रंपेटची मुरकी आहे ती जॅझचीच. तीच आम्ही वरातीत पन्नास वर्षं वाजवतोय. नाव माहीत नव्हतं, एवढंच.

तुझी अडचण वेगळी आहे, ती तुला दिसली नाही. आमची माणसं मोकळी कधी असतात? आषाढी ते तुळशीचं लग्न. चातुर्मासात तिथी नाही, गणपती सोडले तर काम नाही. पण चातुर्मास म्हणजे पाऊस. काळ्या मातीतलं तळघर पावसात कोरडं राहतं का, ते आधी बघ. उन्हाळ्यात तुझं तळघर गार असेल, तर आम्ही उन्हात लग्नं वाजवत असू.

पेढीवरचा नातू

मास्तर, तुमचा मेसेज वाचून उठलो आणि खाली जाऊन पाहिलं. काल रात्री झडी लागली होती. उत्तरेच्या भिंतीला हातभर उंचीपर्यंत ओल, कोपऱ्यात पाणी. मी उन्हाळ्यात रिकामं केलं तेव्हा कोरडंठाक होतं. काका म्हणाले, आजोबा जूनमध्ये सगळ्या चोपड्या वर न्यायचे, तुला कुणी सांगितलं नाही का. नाही सांगितलं.

म्हणजे माणसं मोकळी तेव्हा जागा ओली, जागा कोरडी तेव्हा माणसं लग्नात. झालं.

भुसावळकर ताई

पौषात करा ना! पौषात लग्नं नसतात, पाऊस नसतो. डिसेंबरअखेर ते जानेवारी. भिंती तोवर वाळतील.

माझे वडील रेल्वेत होते. १९७८ ला मुंबईत रंगभवनला जॅझ यात्रा नावाचा महोत्सव पहिल्यांदा झाला तेव्हा पासावर जाऊन ऐकून आले होते. सॅक्सोफोनवाल्या सॉनी रॉलिन्सचं इतकं सांगायचे की आई कंटाळायची. तो माणूस न्यू यॉर्कला १९५९ ते १९६१ अशी दोन वर्षं विल्यम्सबर्ग पुलावर उभा राहून सराव करायचा, का, तर घरी वाजवलं तर शेजारणीला त्रास होतो. बाबा तापीचा पूल आला की दर वेळी म्हणायचे, इथे उभा राहिला असता तर बरं झालं असतं, आपल्याला फुकट.

मला एक विचारायचंय, तेही स्पष्टच. मी व्हायोलिन वाजवते, बावीस वर्षं शास्त्रीय शिकले. हे असलं मला जमेल की नाही माहीत नाही, पण यायचंय. तुम्ही रात्रीचं ठेवणार असाल तर मी भुसावळला परत कशी जाऊ? बाजाराच्या गल्लीत रात्री दहाला कुत्री आणि बंद शटर. रविवारी दुपारी ठेवा. बाजार बंद, शेजारी जेवून आडवे, ते पाच वाजता उठतात तोवर तुमचं झालेलं असेल. अंधाराशिवाय जॅझ होत नाही असं असेल तर तळघर आहेच की, दिवसाही अंधारच.

साऊंडवाला धुळे

ताईंचं बरोबर. दिवसा १० डेसिबलची सूट मिळाल्यासारखंच आहे. भिंतीची ओल वाळेपर्यंत रॉकवूल लावू नका, ते भिजलं की कामातून गेलं. आणि दुसरा दरवाजा नाही म्हणून माणसं पंचविसाच्या वर नको, जिन्यावर कुणी बसायचं नाही. परवानगीचं वॉर्ड ऑफिसात आणि फायरवाल्यांकडे आधी बोला, नंतर बोललात तर महाग पडतं.

पेढीवरचा नातू

साडेचार महिन्यांनी लिहितोय, धागा वर आणल्याबद्दल माफी. झालं मंडळी. पौषातला दुसरा रविवार, दुपारी तीन.

पैशांचं आधी सांगतो, कारण मास्तरांनी मला तेच आधी विचारलं होतं. न्यू यॉर्कला जॉन झोर्न या सॅक्सोफोनवाल्यानं २००५ ला 'द स्टोन' म्हणून जागा काढली: बार नाही, खाणं नाही, दारावर जमलेला पैसा सगळा वाजवणाऱ्यांचा. मी तेच केलं. शंभर रुपये माणशी, बावीस माणसं, बाविसशे रुपये, पाच वादक. मास्तर म्हणाले एका वरातीला मला हजार-बाराशे सुटतात. ४४० रुपये त्यांच्या हातात देताना मान वर होत नव्हती. त्यांनी ते मोजले, खिशात घातले आणि म्हणाले, "कापले तर नाहीत ना कुणी?"

वाजवणारे: मास्तर, त्यांच्या जुन्या पार्टीतला ढोलवाला आणि युफोनियमवाला, भुसावळकर ताई, आणि गिटार क्लासमधला एक पोरगा. सगळ्यांनी एकत्र सुरुवात केली तर लग्नच झालं असतं. म्हणून चिठ्ठ्या टाकल्या. डेरेक बेली नावाचा इंग्लिश गिटारवाला १९७७ पासून अशी बैठक भरवायचा, एरवी एकत्र न वाजवणारे वादक बोलवायचे आणि त्यांच्या जोड्या बदलत राहायच्या. आमच्या पहिल्या चिठ्ठीत निघाले मास्तर आणि ताई.

खरं सांगतो, पहिली सहा-सात मिनिटं वाईट होती. मास्तर थांबेचनात. ताई एक सूर लावायच्या, तो पुरता उमलायच्या आत मास्तर त्याच्यावर चार मुरक्या घालून मोकळे. ताईंनी गज खाली ठेवला आणि नुसत्या बसून राहिल्या. मास्तर एकटेच धावतायत. मग त्यांना कळलं असावं, कारण ते मध्येच, अगदी अर्ध्या तानेत थांबले. खाली कोणी हलेना. वरच्या नळाचं पाणी टाकीत पडत होतं तेवढा आवाज. गार होतं, मास्तरांचा क्लॅरनेट उतरलेला होता, ताईंच्या व्हायोलिनपेक्षा केसभर खाली. ताईंनी परत सूर लावला आणि मास्तरांनी तोच लावला, आपला तो खालचा. दोन सुरांच्या मधे जी थरथर येते ना, वूं-वूं-वूं, ती खोलीभर फिरायला लागली. मास्तरांनी ओठ किंचित आवळले की ती मंद व्हायची, सैल सोडले की जलद. बस्स, एवढंच त्यांनी पाच मिनिटं केलं. मुरकी नाही, तान नाही. ढोलवाला माझ्या शेजारी बसला होता, कानात म्हणाला, "हाई काय शे, मास्तरनं वाद्य बिघडनं का?"

क्लॅरनेट मास्तर

वाद्य बिघडलं नव्हतं. मी घाबरलो होतो. बँडवाला थांबला की लोक मागे वळून बघतात, पैसे कापतात. चव्वेचाळीस वर्षं मी लग्नात एका वेळी चार मात्रांपेक्षा जास्त थांबलो नाही. थुंकी पुसायलाही नाही, ती ढोलाच्या आवाजात पुसायची. तिथे ती पोरगी थांबली आणि तिला कोणी काही म्हणेना. मला वाटलं बघू तर खरं.

पुढच्या खेपेला गिटारवाल्या पोराला सांग, बोटं दुखेपर्यंत वाजवायचं नसतं. हे मी सांगतोय बघ.

एरंडोलकर

मी आलो होतो. मागच्या रांगेत, मफलरवाला. ते वूं-वूं सुरू झालं तेव्हा माझ्या दाढेत कळ गेली. वाईट नाही म्हणत. आता मोटरसायकलची चेन वाजते तीही ऐकू येते, बायको म्हणते ऑईल टाक.

पेढीवरचा नातू

पुढची बैठक पौष संपायच्या आत, शेवटच्या रविवारी, तीनलाच. मास्तर, तुमच्या क्लॅरनेटच्या अडीच नंबरच्या पत्त्या (रीड) मुंबईहून मागवल्यात, डबा पेढीवर आलाय. येणाऱ्यांनी चपला वर काढा, फोन बंद, आणि सातव्या पायरीला आता पांढरा रंग मारलाय, तरी गेल्या वेळी तिघं अडखळले. भिंत धरून उतरा.